येशूची आत्या

आमच्या हाकाउतापू गावात येशूला आत्या आहे. बायबलात तिचं नाव सापडत नाही, पण त्याबद्दल आम्ही बायबलला फारसा दोष देत नाही. लिहिणारे सगळे पुरुष होते आणि परदेशी होते. मासे किती पकडले हे त्यांनी नीट लिहून ठेवलं. बापाला बहीण होती का, हे विचारायचं राहून गेलं.

आमच्या तोंगा बेटांवर माणूस आत्याशिवाय एक वेळ जन्माला येईल, पुरला जाणार नाही. मेलेल्याच्या उशाशी बसायचा मान बापाच्या बहिणीचा. घरात तिच्यावर कोणी नाही, मेलेलाही नाही. लोक तलम चटया आणतात, सालीचं रंगवलेलं तापा कापड आणतात, ते सगळं तिच्यापुढे ठेवायचं आणि कुणाला काय द्यायचं ते तिने ठरवायचं. याच्या दुसऱ्या टोकाला तिच्या भावाची मुलं. आम्ही मागे जमिनीत खणलेल्या भट्टीपाशी असतो. स्वयंपाकघरातली जुनी, खरबरीत चटई अंगाला गुंडाळायची, केस विस्कटलेले ठेवायचे आणि कंद भाजायचे. चटई जितकी मोठी आणि फाटकी, तितका माणूस खालचा. मी ऑकलंड विद्यापीठाचा इतिहासातला एम.ए. आहे. माझी चटई कानापर्यंत येते.

आमचे पूर्वज कॅथलिक झाले आणि पहिला गुड फ्रायडे आला, तेव्हा त्यांनी क्रुसावरची मूर्ती खाली काढली, तापावर निजवली, आणि रडायला सुरुवात करणार इतक्यात कुणीतरी विचारलं, "उशाशी कोण?" तेव्हाचे फ्रेंच फादर म्हणाले, मरिया आहे की. लोक म्हणाले, ती आई झाली, आईची जागा बाजूला. मग योसेफची बहीण? फादरना माहीत नव्हतं. मग वरच्या बापाची बहीण? असं सांगतात की फादरना त्या संध्याकाळी ताप भरला. मृताला असं ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून गावाने आपल्यातलीच एक आत्या त्याला दिली. चर्चची जमीन माझ्या पणजोबांनी दिलेली, तेव्हा त्यांची बहीण बसली. तेव्हापासून तो मान आमच्याकडे आहे आणि सध्या माझ्या बापाची बहीण लोसालिने तो सांभाळते.

सांभाळते म्हणजे मिरवते. आत्या अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. येशूला ती 'माझा भाचा' म्हणते. पाऊस लांबला तर "भाच्याच्या कानावर घालते" म्हणते, आणि पडला तर "सांगितलं होतं" म्हणते. पण गुड फ्रायडेला भाच्यापुढे आलेल्या भेटींतलं तिने स्वतःच्या घरी काही ठेवलेलं कुणी पाहिलेलं नाही. एका वर्षीचा सगळ्यांत मोठा तापा वादळात घर उडालेल्या एका म्हातारीला गेला, आणि ती म्हातारी तर दुसऱ्या पंथाची, मेथडिस्ट. चर्चच्या लोकांनी कुरकुर केली तेव्हा आत्या म्हणाली, "त्याच्या नावाने दिलंय. त्याला हरकत असती तर तो उठून बोलला असता. रविवारी उठला होता की नाही?"

ती म्हातारी आमच्या शेजारच्या आसाएलीची आई. आसाएली स्वतः मेथडिस्ट आणि भट्टीच्या मागच्या कुंपणावर कोपर टेकून आमचा धर्म बघणं हा त्याचा जुना छंद. तो म्हणतो, "तुमचा देव चांगला आहे रे. नातेवाईक जरा कडक आहेत."

पुढच्या वर्षी नवे फादर आले. पेनिसिमानी त्यांचं नाव, उत्तरेच्या बेटावरचे, सुवा शहरात शिकलेले, माणूस सरळ. गिटार वाजवतात आणि प्रवचन वेळेत संपवतात. गुड फ्रायडेआधीचा झावळ्यांचा रविवार झाला आणि ते आत्याच्या ओसरीवर आले. आत्या चटई विणत होती, मी पानं सोलून देत होतो.

"लोसालिने आत्या, यंदा उशाशी कोणी बसणार नाही," ते म्हणाले.

आत्याचे हात थांबले नाहीत. "कोण म्हणतं?"

"मीच."

"आणि फादर, तुम्ही त्याचे कोण लागता?"

"सेवक."

"मग सेवकांची जागा भट्टीपाशी. हा तोमासी बसतो तिथे. सरकून घेईल तो."

मी सरकून दाखवलं. फादर हसले नाहीत. ते जिन्याच्या पायरीवर बसले, आत्याच्या खाली, हे मी पाहिलं. तोंगाचाच माणूस, रीत त्यांना कळत होती.

"आत्या, उशाशी बसते ती मेलेल्याहून वरची. खरं ना?"

"खरं."

"येशू कोण?"

"देवाचा मुलगा."

"मग त्याच्याहून वर कोण?"

"त्याचा बाप."

"आणि?"

"बापाची बहीण."

"त्या बापाला बहीण नाही, आत्या."

"तुम्ही विचारलंत?"

फादर पायरीवरच जरा पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "आत्या, तुम्ही दरवर्षी देवाच्या वर जाऊन बसता. माणसाने असं बसू नये."

तेव्हा हात थांबले. आत्याला लोकांनी पुष्कळ बोल लावले आहेत, गर्विष्ठ, तोंडाळ, दोन्ही खरे. पण देवाचा अपमान करते असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने पानाची पट्टी एकदा सरळ केली, पुन्हा वाकडी केली.

"बरं, मी नाही बसले. मग उशाशी कोण?"

"कोणी नाही."

"बेवारस आहे का तो?"

"त्या दिवशी होता, आत्या. मित्र सगळे पळाले होते."

"ते त्याचे मित्र. हाकाउतापूचं कोणी पळालेलं नाही."

फादर उठले, नमस्कार करून गेले. आत्या बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली. आपला मान गेला याचं तिला वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही, मी तिला ओळखतो. पण ती पुटपुटत होती ते वेगळंच होतं. "उशाशी कोणी नाही. जसं काही त्याला माणसंच नाहीत." मग माझ्याकडे वळली.

"या पोराचं म्हणणं चूक आहे, पण कुठे चूक आहे ते सापडत नाही. तू एम.ए. आहेस ना?"

"इतिहासात, आत्या."

"मग गप्प बस."

त्या आठवड्यात तिने ट्रंकेतून आजीच्या आजीची चटई काढली, उन्हात घातली, घडी करून परत ठेवली, पुन्हा काढली. मधाच्या रंगाची, कापडासारखी मऊ, कमरेला बांधली की गावात बाकी कुणाची चटई दिसेनाशी होते. तीच नेसून ती दरवर्षी उशाशी बसायची. त्या वर्षी ती नेसून बसायची कुठे, हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. आसाएलीने मला तेवढं कुंपणावरून विचारलं.

"काय रे, तुमच्या देवाच्या आत्याला कामावरून काढलं म्हणे. पेन्शन देणार का?"

"तुमच्याकडे तर मूर्तीसुद्धा नाही."

"म्हणून तर भांडण नाही," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी सगळं गाव काळ्या कपड्यांत चर्चमध्ये जमलं. आपापल्या नात्याप्रमाणे चटया बांधलेल्या, कुणाची गुडघ्यापर्यंत, कुणाची छातीपर्यंत. घंटा त्या दिवशी मुकी असते, लाकडी नगारा वाजला. मूर्ती खाली उतरवून वेदीपुढे तापावर निजवली होती. वाहणारे चौघे तिच्या चार बाजूंना उभे. उशाशी नुसती फरशी. मी मागे नीरफणसाच्या झाडाखाली भट्टीचे दगड तापवत होतो. उपासाचा दिवस, मांस नव्हतं. कोनफळं, अळूचे कंद आणि पानात बांधलेले मासे.

इतक्यात मागच्या पायवाटेने एक चटई चालत आली. खरोखर चटईच, कारण तिच्यात माणूस दिसत नव्हता. काजळीने काळी, मधे उंदरांनी खाल्लेली, डोक्यावरून घेतलेली, खाली मातीवर घासत येणारी. मला वाटलं, दूरच्या बेटावरची कुणी चुलत बहीण असावी, वाट चुकून आलेली.

"सरक," चटई म्हणाली.

"आत्या? हे काय?"

"मी वरची नाही ना? मग खालची. मधे बसायला मला जमत नाही. दगड तापलेत?"

"हो."

"नाही तापलेले." तिने माझ्या हातातला चिमटा घेतला.

मी तिथेच उभा. मग लक्षात आलं की आत्या भट्टीपाशी बसली म्हणजे मी तिच्याही खाली बसायला हवं, आणि भट्टीच्या खाली रीतीप्रमाणे जागाच नाही. मी राखेच्या खड्ड्यात उतरलो.

थोड्या वेळाने माकानेसी आला. गावाच्या वतीने बोलायचं काम त्याचं. भेटी पुढे करताना भाषण तोच करतो. आत्याला बघितल्याबरोबर तो होता तिथे मातीत बसला.

"लोसालिने, गाव वाट बघतंय. भेटी आणल्यात, ठेवू कुणापुढे?"

"फादरना विचार."

"ते म्हणतात वेदीपुढे ठेव."

"ठेव मग."

"आणि वाटायच्या कुणी? वेदीने?"

आत्या दगड उलटे करत होती. माकानेसी उठायला गेला आणि थबकला. त्याची आजी आत्याच्या आजीची धाकटी बहीण. आत्या राखेपाशी बसलेली असताना त्याने पहिल्या बाकावर जाऊन बसायचं, तेही गुडघ्यापर्यंतच्या चटईत, हे त्याच्याच्याने होईना. तो माझ्यामागे येऊन बसला. नवरा का येत नाही म्हणून त्याची बायको आली, तिने बघितलं, तीही बसली. तिला शोधत तिच्या बहिणी आल्या. मग गायकवृंद आला, खालच्या आवाजाचे आधी, वरच्या आवाजाचे मागून.

चर्चमागची जमीन खाडीकडे उतरत जाते. जो येईल तो आधीच्याच्या खाली बसायला बघायचा, कारण येशूच्या नात्यात आत्याहून वर गावात कोणी नव्हतं आणि आपण तिच्या बरोबरीचे आहोत असं दाखवायची कुणाची इच्छा नव्हती. गावच्या सरदारांची थोरली बहीण आली. एरवी तिच्यापुढे आत्याही मान लववते. पण आज घर येशूचं, नातं येशूचं. तिने उतारावर नजर टाकली, कोरडी जागा उरली नव्हती. मान ताठ ठेवून ती सगळ्यांच्या पलीकडे गेली आणि खाडीच्या पाण्यात बसली. भरती चढत होती. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्या गावाला दरिद्री म्हणा, भांडखोर म्हणा. पण नम्र व्हायचं ठरवलं तर आमचा हात कोणी धरू शकत नाही.

"काय चाललंय?" आसाएलीने कुंपणावरून विचारलं.

"खाली बसतोय."

"किती खाली?"

"जागा आहे तोवर."

तो थोडा वेळ बघत राहिला. मग एकटं उभं राहणं त्यालाच विचित्र वाटलं असावं. त्याने चूपचाप बैठक मारली. कुंपणावर नुसती टोपी उरली.

शेवटी फादर पेनिसिमानी बाहेर आले, तांबड्या झग्यात. सगळ्या उतारावर त्यांनी पाण्यापर्यंत नजर फिरवली आणि माणसांमधून वाट काढत भट्टीपाशी आले.

"आत्या, आत चला."

"कुठे बसू?"

"बाकावर. सगळ्यांसारखं."

"सगळे बाकावर दिसत नाहीत मला."

"आत तो एकटा आहे हो."

"तुम्हीच म्हणालात, त्या दिवशी एकटाच होता." तिचा आवाज मधेच चिरला. डोळे लाल झाले होते. धूर, ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना.

फादर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी एकदा चर्चच्या उघड्या दाराकडे पाहिलं, एकदा पाण्यात बसलेल्या बाईकडे. मग वाहणाऱ्या चौघांना उतारावरून खुणेने बोलावून आत गेले.

परत आले ते पाच जण होते. चौघांनी तापा चारी टोकांना धरला होता आणि फादर पुढे चालत होते. "तुम्ही येत नसाल तर तो येतो," ते म्हणाले. भट्टीच्या शेजारी, राखेच्या खड्ड्याच्या काठावर, माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर त्यांनी येशूला खाली ठेवलं. एवढ्या जवळ मी त्याच्या कधी गेलो नव्हतो. आमच्यासारख्यांना दुरूनच बघायचं असतं.

आत्या डोक्याकडून नव्हे तर पायाकडून त्याला पहिल्यांदाच बघत होती, आणि तेही मेणबत्तीच्या नव्हे, उन्हाच्या उजेडात. पायांतली भोकं बघितली. गुडघे बघितले. मग तिची नजर कमरेवर थांबली. तिथे चिंधीएवढा कपडा कोरलेला होता, बाकी काही नाही.

"फादर, याची चटई कुठे?"

"नाही, आत्या. अंगावरचं होतं ते शिपायांनी वाटून घेतलं."

"एकही नाही?"

"नाही."

"तोमासीलासुद्धा एक आहे," आत्या म्हणाली.

उतारावरच्या सगळ्यांनी माझ्या चटईकडे बघितलं. कमरेला काही न बांधता मोठ्या माणसांपुढे येणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं आम्ही त्याला तसंच निजवत आलो होतो आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण सगळे आपापल्या चटया बघत होते.

आत्या उभी राहिली.

"मग हा सगळ्यांत खाली आहे," ती म्हणाली, आणि तिचा मूळचा आवाज परत आला; पाण्यातल्या बाईपर्यंत तो नीट पोचला. "तोमासीच्या खाली. तिकडे खाडीत बसलेत त्यांच्याही खाली. फादर, तुम्ही म्हणालात, त्याच्या वर कोणी बसू नये. त्याने खाली जागाच ठेवलेली नाही. कुठेही बसलं तरी माणूस त्याच्या वरच बसणार. मग उशाशी बसले तर मी काय वेगळं करते?"

फादर तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"हेच मी आजच्या प्रवचनात सांगणार होतो," ते म्हणाले. "ऐकायला कोणी राहिलं नाही."

"रविवारी ओसरीवर सांगायचं. माझी दुपार काजळीत गेली नसती."

मग तिने अंगावरची चटई सोडली. डोक्यावरून काढली, खांद्यावरून काढली, वेढ्यामागून वेढा उलगडत गेली. आत आजीच्या आजीची चटई होती, मधाच्या रंगाची, एक घडी इकडची तिकडे नाही, जिथल्या तिथे बांधलेली.

फादरनी ती बघितली. "आत्या, ही आधीपासूनच नेसला होतात?"

"सवय आहे."

काळी, उंदरांनी खाल्लेली चटई तिने येशूच्या कमरेला गुंडाळली, दोरीने बांधली, सुरकुत्या काढल्या. चिमट्याने एक निखारा त्याच्या पायाजवळून बाजूला केला. मग फेरी मारून उशाशी जाऊन बसली, मांडी घालून, सगळ्या गावाकडे तोंड करून. फादर तिच्या डाव्या हाताला जमिनीवर बसले. मला नंतर कळलं की त्यांनाही एक आत्या आहे आणि तिचं पत्र आलं की ते उभ्याने वाचतात.

"माकानेसी," आत्या म्हणाली, "किती वाट बघायला लावणार आहेस त्याला?"

माकानेसी उठला, मागची माती झाडली आणि भाषणाला लागला. त्याने त्या दिवशी फार चांगलं भाषण केलं. भेटी आल्या. पहिली चटई आत्याने खाडीतल्या बाईला पाठवली, कोरडं नेसायला. दुसरी कुंपणावरच्या टोपीकडे. "आईला दे," ती आसाएलीला म्हणाली, "आणि सांग, माझ्या भाच्याने दिली." आसाएलीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोक्याला लावली. मेथडिस्टांत तसं करत नाहीत.

आता दरवर्षी येशू आधी मागे भट्टीपाशी येतो आणि मग आत जातो. दुसऱ्या गावचे लोक बघायला येतात, तेव्हा आम्ही सांगतो की ही फार पूर्वापार चालत आलेली रीत आहे. फादर पेनिसिमानी जवळच उभे असतात आणि ते खोडून काढत नाहीत.

त्या दिवशी कंद मात्र करपले. मी खड्ड्यातून डोकं वर काढून आत्याला विचारलं की आता तरी याला आत न्यायचं का, इथे धूर फार आहे. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. दोघांच्या अंगावर एकाच घरातल्या दोन चटया.

"राहू दे," ती म्हणाली. "दोघं भावाचीच पोरं. भट्टीपाशी नाही बसणार तर कुठे बसणार?"

मी चटई कानापर्यंत ओढून घेतली आणि त्याच्या बाजूला जरा ताठ बसलो.